पत्रा नवा, वायरिंग नवं. मग गाडी तीच का?

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झालं. त्याला दशक उलटून गेलं, तरी कितीतरी घरांच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही छोटी गाडी अजून विटांवर चढवलेली दिसते. चाकं काढलेली, सीट बाहेर, डॅशबोर्ड उतरवलेला आणि वायरिंगचा सगळा पसारा जमिनीवर. काम करणारा कुणी निवृत्त फिटर असतो, कुणी नोकरी करणारा तरुण. वडिलांनी घेतलेली घरातली पहिली गाडी भंगारात द्यायला त्याचं मन धजत नाही. रविवार आला की तो हाताला काळं लावून घेतो. आधी इंजिन उतरतं, मग कुजलेला पत्रा कापून नवा जोडला जातो, मग रंग, मग वायरिंग. काम आटोपत आलं की शेजारचं कुणीतरी हमखास विचारतं: एवढं सगळं बदललंस, मग जुनी गाडी उरली कुठे?

प्रश्न सहज विचारलेला असतो, पण तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. आत्मा आहे की नाही, पुनर्जन्म कुणाचा होतो, केल्या कर्माचं फळ कुणी भोगायचं, हे भारतीय धर्मविचारातले मोठे वाद याच प्रश्नाभोवती फिरले. शेडमधल्या गाडीच्या निमित्ताने तो पुन्हा विचारावा, कारण इथे प्रत्येक उत्तर पान्याने आणि टेस्टरने तपासून बघता येतं.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर नावाचा यवन, म्हणजे ग्रीक, राजा होऊन गेला. बौद्ध परंपरा त्याला मिलिंद म्हणते. त्याची राजधानी सागल, म्हणजे बहुतेक आजचं सियालकोट. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन त्याला विचारतो, महाराज, आपण इथे कसे आलात? राजा म्हणतो, रथातून. मग नागसेन एकेक भाग पुढे करतो. आस म्हणजे रथ का? चाकं? जू? लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. हे सगळे मिळून रथ का? नाही. मग या सगळ्यांखेरीज वेगळा कुठे रथ आहे का? तेही नाही. मग रथ आहे तरी कुठे? राजालाच कबूल करावं लागतं की या भागांच्या आधाराने व्यवहारात वापरलं जाणारं ते एक नाव आहे. नागसेन म्हणतो, ‘नागसेन’ हेही तसंच. आत कुणी न बदलणारा बसलेला नाही.

यवन आणि बौद्ध धम्म यांचा असा संबंध महाराष्ट्रालाही परका नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातले अनेक खांब धेनुकाकट इथल्या यवनांनी दान केले, हे त्या खांबांवरच कोरलेलं आहे.

नागसेनाचं म्हणणं शेडमध्ये लगेच पटतं. सुटं केलेलं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन, गिअरबॉक्स, चार दरवाजे, काचा, सायलेन्सर, बारा इंची चाकं, सगळं डोळ्यांसमोर पडलेलं असतं. एकही वस्तू हरवलेली नसते. तरी त्या ढिगाला कुणी गाडी म्हणणार नाही. पण खरी अडचण इथेच सुरू होते. सगळे भाग हजर असून गाडी नाही, तर ते जोडल्यावर जी उभी राहते ती नुसतं नाव कशी? काहीतरी आलं ना वाढून?

न्याय आणि वैशेषिक दर्शनांनी हाच मुद्दा उचलून धरला. त्यांच्या मते भागांपासून तयार झालेला ‘अवयवी’ ही खरीखुरी, भागांहून वेगळी वस्तू असते. कापड म्हणजे धाग्यांचा ढीग नव्हे. कापड थंडी अडवतं, सुट्या धाग्यांना ते जमत नाही. पण या मताची किंमतही त्यांनी प्रामाणिकपणे मोजली. एक भाग जरी काढला तरी तो अवयवी संपला, आणि नवा भाग घातला की नवा अवयवी जन्माला आला, असं त्यांना म्हणावं लागलं. कच्चं मडकं आव्यात भाजताना लाल होतं, तेव्हा नेमकं काय घडतं यावरही या दोन दर्शनांत मतभेद झाला. वैशेषिक म्हणाले, उष्णतेने मडकं परमाणूंपर्यंत विस्कटतं आणि पक्क्या परमाणूंचं नवं मडकं घडतं. नैयायिक म्हणाले, मडकं जसंच्या तसं राहतं आणि आहे तिथेच भाजलं जातं. वैशेषिकांचा नियम गाडीला लावला, तर क्लचप्लेट बदलून गॅरेजबाहेर येणारी प्रत्येक गाडी नवी ठरेल. तर्क बिनचूक आहे, पण अशा गाडीचं पासिंग कुणी करून देणार नाही.

वायरिंगकडे नीट पाहिलं तर या वादातली एक गोष्ट स्पष्ट होते. मारुती ८०० मध्ये बारा व्होल्टची यंत्रणा आहे आणि बॅटरीची निगेटिव्ह बाजू थेट बॉडीला जोडलेली असते. दिव्यापर्यंत वीज वायरमधून जाते, पण तिची परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून आहे. म्हणून अर्थिंगचा बोल्ट गंजला की हेडलाइट पिवळा पडतो, हॉर्न घोगरा होतो आणि नवखा माणूस बल्ब बदलत बसतो. जाणकार आधी तो बोल्ट सोडवतो, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत उघडा करतो आणि मगच मल्टिमीटर हातात घेतो.

तीस वर्षांची वायर बाहेरून धड दिसते. वाकवली की प्लास्टिकचं आवरण कडकन तडकतं आणि आतून काळंनिळं पडलेलं तांबं डोकावतं. कुठे उंदरांनी कुरतडलेलं, कुठे जुन्या टेपचा चिकट लगदा. अशा वेळी डागडुजीने भागत नाही, नवा हार्नेसच, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बांधावा लागतो. जुना हार्नेस गाडीत होता त्याच आकारात मोठ्या प्लायवर खिळ्यांच्या आधाराने पसरतात. प्रत्येक कपलरला टेपची चिठ्ठी लागते: हेडलाइट उजवा, वायपर, इग्निशन कॉइल, पेट्रोलच्या टाकीचा फ्लोट. मग एकेक वायर काढून त्याच रंगाची, त्याच जाडीची नवी ओढायची. टोकाला लग क्रिम्प करायचा, श्रिंक स्लीव्ह चढवून गरम हवेने आवळायची, कंटिन्युइटी तपासायची आणि मगच पुढची वायर. काम संपतं तेव्हा जुन्या तांब्यातला गुंजभर अंशही नव्या हार्नेसमध्ये आलेला नसतो. तरी दांडी खाली केली की उजवाच इंडिकेटर लागतो, आणि ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा पेटतो.

म्हणजे वस्तू गेली आणि रचना राहिली. नागसेनाने ज्या भागांची यादी केली, त्यात ही रचना नव्हती. दरवाजा हा भाग आहे. पण कोणती वायर कुठून कुठे जाते, हा भागांमधला संबंध आहे. जमिनीवरच्या ढिगात जे नव्हतं आणि उभ्या गाडीत जे आहे, ते हेच.

मात्र एवढ्यावर निकाल देता येत नाही. तोच वायरिंगचा नकाशा कंपनीने लाखो गाड्यांत वापरला. रचनेमुळे ती ‘एक मारुती ८००’ ठरते, पण ‘हीच मारुती ८००’ कशामुळे ठरते, हे रचना सांगत नाही.

प्लुटार्कने सांगितलेली थिसियसच्या जहाजाची गोष्ट अनेकांना माहीत असते. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपलं, सडलेली फळी काढून नवी घातली, आणि ते तेच राहिलं का यावर तिथले तत्त्वज्ञ भांडत राहिले. १६५५ मध्ये टॉमस हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या फळ्या कुणी गोळा करून त्यांचं दुसरं जहाज बांधलं तर? हॉब्जला हे कल्पनेत पाहावं लागलं. कुर्ल्याच्या भंगार बाजारात ते रोज घडतं. एका गाडीचे दरवाजे, दुसरीचं इंजिन, तिसरीचं स्टिअरिंग घेऊन लोक परततात आणि चौथी गाडी उभी करतात. ओम्नीचं इंजिनही त्याच ७९६ सीसी घराण्यातलं असल्यामुळे ही देवाणघेवाण अजून चालू आहे. भागांवरून गाडीची ओळख ठरवायची म्हटलं, तर कुर्ल्यात कुणाचंच कुळ सापडणार नाही.

धर्मपरंपरांनी या कोड्याची दोन निराळी उत्तरं प्रत्यक्ष कृतीने दिली आहेत. जपानमध्ये इसे इथलं शिंतो देवस्थान दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात आणि जुनं उतरवतात. सातव्या शतकाच्या अखेरीपासून, मधले खंड वगळता, हे चालू आहे. २०१३ मध्ये बासष्टावी बांधणी झाली, पुढची २०३३ मध्ये आहे. लाकूड कितीही नवं असो, भाविकांच्या लेखी देवस्थान तेच आहे. कारण रचना तीच, विधी तोच आणि सुतारकाम एका पिढीने दुसरीच्या हातात दिलेलं. पुरीच्या जगन्नाथाचं नवकलेवर याहून वेगळं. तिथे कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवतात आणि जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्मपदार्थ’ रात्रीच्या अंधारात, डोळ्यांना पट्टी बांधून, नव्या मूर्तीत ठेवतात. यापूर्वीचं नवकलेवर २०१५ चं, त्याआधीचं १९९६ चं. इथे बाहेरचं सगळं बदललं तरी आतलं काहीतरी एका हातातून दुसऱ्या हातात जातंच.

आपला मोटार कायदा या दोन वाटांपैकी पुरीच्या वाटेने गेलेला दिसतो. त्याच्या लेखी गाडीचा ब्रह्मपदार्थ म्हणजे चेसिस नंबर. बस किंवा ट्रकला निदान वेगळी चेसिस असते. मारुती ८०० ची बॉडी म्हणजेच तिची चेसिस, त्यामुळे तो नंबर बॉनेटखाली पत्र्यावरच ठोकलेला असतो. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी काढून नवा क्रमांक आरसीवर चढवून घ्यावा लागतो, पण चेसिस नंबर बदलत नाही. पंधरा वर्षांनी नोंदणी संपली की गाडी तपासून पाच वर्षांची मुदत वाढवतात, तेव्हाही निरीक्षक आधी तोच नंबर शोधतो.

पण नंबर खोटाही असू शकतो. अपघातात चक्काचूर झालेल्या गाडीचा नंबर चोरीच्या गाडीवर ठोकून ती विकण्याचे प्रकार पोलिसांना नवे नाहीत. त्या गाडीची रचना कंपनीचीच असते, नंबर अस्सल गाडीचा असतो, कागदही जुळतात. तरी ती ‘तीच गाडी’ नव्हे, हे कुणालाही कळतं. म्हणजे नंबर हा ओळखीचा पुरावा झाला, ओळख स्वतः नव्हे.

मग काय उरतं? १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयासमोर नेमका हा प्रश्न आला होता. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटले गाडी एक कोटी पौंडांना विकायचा करार झाला होता. ज्या गाडीने शर्यती जिंकल्या तिचे भाग आता फारसे उरलेच नाहीत, असं म्हणत घेणारा मागे हटला. ते खरंही होतं. शर्यतीच्या काळातच तिचे मोठमोठे भाग बदलत गेले होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी तरीही ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ असल्याचा निकाल दिला. प्रत्येक बदल त्याच गाडीत, टप्प्याटप्प्याने झाला होता आणि तिच्या इतिहासाची साखळी कुठे तुटली नव्हती, हा त्यामागचा आधार होता.

साखळी तुटू द्यायची नाही म्हणजे काय, हे मराठी माणसाला लंडनहून शिकायची गरज नाही. १२९० मध्ये सांगितलेली ज्ञानेश्वरी तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून बदलत गेली होती. पाठ बिघडले होते, कुणाकुणाच्या ओव्या आत घुसल्या होत्या. संत एकनाथांनी १५८४ मध्ये, शके १५०६ मध्ये, निरनिराळ्या प्रती पडताळून तिची शुद्ध प्रत तयार केली. एकनाथ स्वतः थोर कवी. चार ओव्या आपल्या घालणं त्यांना अवघड नव्हतं, आणि त्या खपूनही गेल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही आणि पुढच्यांनाही तसं करू नका म्हणून बजावलं. ज्ञानेश्वरांच्या हातची प्रत आज कुठेही नाही. तरी घराघरांत वाचली जाते ती ज्ञानेश्वरीच आहे, असं आपण खात्रीने म्हणतो. ती खात्री कागदातून आलेली नाही. दुरुस्ती कुणी केली, कशी केली आणि कुठे हात आवरला, हे आपल्याला माहीत आहे, त्यातून ती आली आहे.

हाच विवेक शेडमध्ये रोज लागतो. जुना हार्नेस सोडवताना आधीच्या मालकांचे थर हाती येतात: टेपरेकॉर्डरसाठी पिळून जोडलेली वायर, फॉगलॅम्पचा स्विच, ६० वॅटच्या जागी घातलेल्या ९०-१०० वॅटच्या बल्बने वितळलेला होल्डर. यातलं काय इतिहास म्हणून ठेवायचं आणि काय काढायचं? वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर २०२२ मध्ये काढला आणि आतलं मूळ रूप समोर आलं, तेव्हा तो थर भक्तीचाच होता, तरी मूर्तीच्या जतनासाठी काढावा लागला. गाडीतही निकष तोच असावा. १०० वॅटचा बल्ब जुन्या वायरमधून आठ अँपिअरच्या वर करंट ओढतो. अशी वायर तापते, आणि तिच्या वाटेत योग्य फ्यूज नसेल तर गाडी पेटू शकते. असला थर कितीही जुना असला तरी काढायलाच हवा. वडिलांनी डॅशबोर्डवर बसवलेला छोटा पंखा मात्र नीट फ्यूजमधून जोडून ठेवायला हरकत नाही.

या सगळ्यात आत्म्याचं काय? इथे शंकराचार्यांचा एक बारकावा फार उपयोगी आहे. ब्रह्मसूत्रभाष्यात बौद्धांच्या क्षणिकवादाचं, म्हणजे कुठलीही गोष्ट क्षणापलीकडे टिकत नाही या मताचं, खंडन करताना ते स्मरणाचा आधार घेतात: ज्याने पाहिलं त्यालाच आठवतं, म्हणून पाहणारा टिकून असला पाहिजे. त्याच वेळी ते मान्य करतात की बाहेरच्या वस्तूबद्दल ‘ही तीच की तिच्यासारखी’ अशी शंका येऊ शकते. स्वतःबद्दल मात्र ‘मी तोच की माझ्यासारखा’ अशी शंका कुणालाच येत नाही. म्हणजे गाडीच्या बाबतीत नागसेनाला मोकळं रान मिळालं. गाडीला काही आठवत नाही. पहिल्यांदा घाट चढताना ती गरम झाली होती, हे मालकाला आठवतं. रथाच्या दृष्टांतावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढताना हा फरक विसरता येणार नाही.

आणि नागसेनही ‘नुसतं नाव’ म्हणून थांबत नाही, हे पुष्कळदा नजरेआड होतं. त्याच ग्रंथात पुढे आंब्याच्या चोराचा दाखला आहे. चोर म्हणतो, मालकाने लावलेले आंबे वेगळे, मी तोडलेले वेगळे. मग मी त्याचं काय चोरलं? मिलिंद स्वतःच सांगतो की तो दोषी आहे, कारण नंतरचे आंबे आधीच्यांमुळेच आले. न बदलणारा गाभा नाकारूनही नागसेन जबाबदारी सोडत नाही. कालच्या कर्माचं उत्तर आजच्याने द्यायचं, हे तो ठामपणे सांगतो.

गाडीचं उत्तर इथे मिळतं. नागसेनाला आत गाभा सापडला नाही. शेडमध्येही तो सापडत नाही. वैशेषिकांच्या हिशेबाने प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी नवी होते. व्यवहारात तसं कुणी मानू शकत नाही. गाडी तीच राहते, कारण तिच्याबद्दल उत्तर देणारं कुणीतरी सलग उभं असतं. काय काढलं, काय घातलं, का घातलं हे सांगणारा माणूस असतो आणि त्याने सांगितलेलं खरं असतं. चोरीच्या गाडीत नेमकं हेच नसतं. पुरीचे सेवक, इसेचे सुतार आणि पैठणचे एकनाथ यांच्यात हेच समान आहे: बदल करण्याचा अधिकार त्यांनी जबाबदारीसकट घेतला.

पहिली मारुती ८०० हे याचं चांगलं उदाहरण आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते तिची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. त्यांनी ती गाडी २०१० मध्ये निधन होईपर्यंत विकली नाही. नंतर ती घराबाहेर गंजत पडली. पुढे कंपनीने ती पुन्हा उभी केली आणि आज ती कंपनीच्या मुख्यालयात आहे, त्याच डीआयए ६४७९ या नंबरसह. तिच्यातलं किती सामान १९८३ चं आहे यावर वाद घालता येईल. ती तीच गाडी आहे यावर नाही.

२०२१ पासून केंद्राच्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेल्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते. सर्वांत जुन्या मारुती ८०० या वयाला २०३३ च्या अखेरीस पोहोचतील. त्या वेळी काय मूळचं आणि काय नवं, हा प्रश्न शेडमधल्या मालकांना सरकारदरबारी विचारला जाईल. म्हणून आज जे हे काम करत आहेत त्यांनी एक साधी वही ठेवावी. कोणती वायर कधी बदलली, कोणता पत्रा कुठे जोडला, इंजिन कुठून आणलं, हे तारखेसह लिहावं. पावत्या आणि उघड्या बॉडीचे फोटो सोबत ठेवावेत, इंजिन बदललं असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी. आणि गाडी दुसऱ्याच्या हाती देताना किल्लीबरोबर ही वहीही द्यावी.